स्टार्टरच्या पेटीत नेमकं काय चालतं: रिले, कॉन्टॅक्टर आणि कंट्रोल सर्किट

पलूस तालुक्यातल्या एका मुलाने प्रश्न विचारला आहे. आयटीआयमधून तो नुकताच इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलाय. घरची कृष्णेवर १० एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच अंगाचे) मोटर आहे. स्टार्टरचं झाकण काढलं की वायरींचा गुंता दिसतो, पण कुठली वायर कशासाठी ते उमगत नाही. त्याला तीन गोष्टी हव्यात. रिले आणि कॉन्टॅक्टर एकच का? हिरवं बटण सोडलं तरी मोटर चालू कशी राहते? आणि शेजारच्यांनी केलंय तसं हिरव्या बटणाला जंपर मारून, म्हणजे त्याची दोन टोकं वायरीने कायमची जोडून, मोटर 'ऑटो' केली, म्हणजे रात्री लाईट आली की आपोआप सुरू होईल, तर त्यात बिघडतं काय?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पण पहिले दोन डोक्यात पक्के बसल्याशिवाय त्याचं उत्तर पटणार नाही, म्हणून आधी तिथून सुरुवात करतो. मी कुपवाड एमआयडीसीत पॅनेल बांधणी आणि देखभालीचं काम करतो. शेतीपंपाचे स्टार्टर, कारखान्यातले पॅनेल, दोन्ही रोज हाताखालून जातात.

स्टार्टरची पेटी उघडलीत की आधी एवढं मनाशी धरा: आत दोन वेगळी सर्किटं आहेत. जाड वायरींचं एक. तीन फेज आत येतात, कॉन्टॅक्टरमधून आणि ओव्हरलोड रिलेमधून (मोटरने जास्त करंट ओढला तर ती बंद पाडणारा रिले) खाली उतरून मोटरकडे जातात. ते पॉवर सर्किट. बारीक वायरींचं दुसरं, ते बटणांमधून फिरून कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत पोचतं. ते कंट्रोल सर्किट. मोटरचा १४-१५ अँपिअर करंट बटणातून कधीच जात नाही. बटणातून जातो तो फक्त कॉइलला लागणारा थोडासा करंट. हे दोन वेगळे केलेत की अर्धा गुंता तिथेच सुटतो.

रिलेची रचना साधी आहे. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. तिला व्होल्टेज दिलं की गाभ्याचं चुंबक होतं आणि समोरची हलती पट्टी ओढली जाते. पट्टीला जोडलेले कॉन्टॅक्ट जागा बदलतात. व्होल्टेज काढलं की स्प्रिंग पट्टीला परत मागे नेते. कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यात विजेचा काहीही संबंध नसतो. जोडणी फक्त हालचालीची. त्यामुळे २४ व्होल्ट डीसीच्या कॉइलने २३० व्होल्ट एसीचं सर्किट बिनधास्त चालू-बंद करता येतं. १८३० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी लांब तारेतून आलेल्या क्षीण करंटने दुसऱ्या टोकाचं जोरकस सर्किट चालवून दाखवलं, ते याच तत्त्वावर. तारायंत्र शेकडो मैल पोचलं ते त्यामुळे.

कॉन्टॅक्ट दोन प्रकारचे. कॉइलला व्होल्टेज नसताना जो उघडा असतो तो एनओ (नॉर्मली ओपन), जो बंद म्हणजे जोडलेला असतो तो एनसी (नॉर्मली क्लोज्ड). नवी मुलं इथे एका ठिकाणी हमखास अडखळतात. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक कॉन्टॅक्ट लाईट नसतानाच्या, कुणीही बटण न दाबलेल्या स्थितीत दाखवलेला असतो. चालू पॅनेलसमोर उभं राहून तेच ड्रॉइंग वाचलंत तर निम्म्या गोष्टी उलट्या दिसणार. म्हणून ड्रॉइंग वाचताना प्रत्येक कॉइलला मनातल्या मनात बोट लावायचं आणि विचारायचं: ही आत्ता ओढलेली आहे की सुटलेली?

कॉन्टॅक्टर म्हणजे मोठ्या कामाचा रिले. तत्त्व तेच, पण तीन जाड मुख्य कॉन्टॅक्ट, ते उघडताना पडणारी ठिणगी विझवायची सोय, आणि सोबत एखाद-दुसरा छोटा सहायक कॉन्टॅक्ट. पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा कंट्रोल रिले तुम्ही पाहिला असेल. त्यावर ५ किंवा १० अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणून कुणीतरी त्यावर थेट मोटर चालवायला जातो. तो आकडा हीटर किंवा बल्बसारख्या साध्या लोडचा आहे. मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट ओढते. म्हणून मोटरसाठी कॉन्टॅक्टर घेताना त्याचा एसी-३ या, म्हणजे मोटरच्या लोडच्या, वर्गातला अँपिअर आकडा बघायचा. त्याच कॉन्टॅक्टरवर एसी-१ चा, म्हणजे साध्या लोडचा, आकडाही छापलेला असतो आणि तो मोठा असतो. दुकानदार कधीकधी तोच वाचून दाखवतो, तेव्हा लक्ष असू द्या. डीसी लोड असेल तर आणखी जपून. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती सवलत नाही. २५० व्होल्ट एसीला ५ अँपिअर तोडणारा कॉन्टॅक्ट ११० व्होल्ट डीसीला त्याच्या कितीतरी कमी करंटवर जळतो.

आता अंकांची ओळख करून घ्या. कॉन्टॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो, कॉइलची दोन टोकं ए१ आणि ए२. सहायक एनओ कॉन्टॅक्ट १३-१४, एनसी २१-२२. शेवटचा अंक ३-४ असेल तर एनओ, १-२ असेल तर एनसी, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. ओव्हरलोड रिलेवर ९५-९६ हा एनसी, तो ट्रिप झाला की उघडतो. ९७-९८ हा एनओ, तो ट्रिपचा दिवा लावायला वापरतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या अंकांतच आहे. २३० व्होल्ट कॉइलच्या डीओएल स्टार्टरची (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा साधा स्टार्टर) कंट्रोल वायर बोटाने धरून चला. फेज निघाला, छोट्या एमसीबीतून किंवा फ्यूजमधून आला, ओव्हरलोडच्या ९५ ला गेला, ९६ मधून बाहेर पडला. तिथून लाल बटण. ते एनसी आहे, म्हणजे न दाबता जोडलेलं. त्यातून बाहेर पडून हिरव्या बटणाच्या एका टोकाला आला. हिरवं बटण एनओ, म्हणून इथे वाट अडली. हिरव्या बटणाच्या दुसऱ्या टोकापासून वायर ए१ ला, आणि ए२ न्यूट्रलला. हिरवं दाबलं, कॉइल ओढली, मोटर सुरू झाली. बोट काढलं तर वाट पुन्हा तुटायला हवी. पण कॉइल ओढली गेली त्याच क्षणी कॉन्टॅक्टरचा १३-१४ बंद झालेला आहे, आणि तो हिरव्या बटणाच्या दोन टोकांना समांतर जोडलेला आहे. आता करंट बटणाऐवजी १३-१४ मधून येतो. कॉन्टॅक्टर स्वतःच्याच कॉन्टॅक्टने स्वतःच्या कॉइलला धरून ठेवतो. यालाच आपण होल्डिंग म्हणतो. लाल बटण दाबलं की वाट तुटते, कॉइल सुटते, १३-१४ उघडतो, आणि लाल सोडलं तरी मोटर परत सुरू होत नाही.

हिरवं दाबून धरलं की मोटर चालते आणि सोडलं की बंद पडते, अशी तक्रार आली की तुम्ही पेटी न उघडताही सांगू शकता: १३-१४ ची वायर निघालीय किंवा तो कॉन्टॅक्ट खराब आहे. आपल्याकडे मळीत, नदीकाठी आणखी एक कारण सापडतं, मुंग्या. उबेला येऊन त्या कॉन्टॅक्टमध्ये शिरतात आणि चिरडून त्यांचा थर बसतो. पेटीच्या तळाची केबलची भोकं ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून बंद केली नाहीत तर मुंग्या, पाली, गांधीलमाशा, सगळे आत राहायला येतात.

एक सावधगिरी. बऱ्याच शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये कॉइल २३० ची नसते, दोन फेजांमध्ये जोडलेली ४१५ व्होल्टची असते, कारण नदीकाठच्या पेटीपर्यंत न्यूट्रल आणलेलाच नसतो. कॉइल बदलताना जुन्या कॉइलवर छापलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय नवी घेऊ नका. ४१५ च्या जागी २३० ची बसवली तर ती काही क्षणांत धूर काढते.

आता लाल बटण एनसीच का, हे समजून घ्या. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. एनओ बटण दाबल्यावर एक रिले ओढला जाईल आणि तो मोटर बंद करेल, असंही सर्किट बनवता येतं. ते चालेलही. पण ज्या दिवशी त्या बटणाची वायर उंदराने कुरतडली असेल, त्या दिवशी तुम्ही लाल बटण दाबाल आणि काहीच होणार नाही. एनसी बटणाची वायर तुटली तर मोटर तिथल्या तिथे बंद पडते. तुम्ही वैतागाल, पण कुणाचा हात जाणार नाही. ओव्हरलोडचा ९५-९६ एनसी, इमर्जन्सी बटण एनसी, दरवाजाचा लिमिट स्विच एनसी, हे सगळं त्याच विचाराने. वायर तुटली, फ्यूज उडाला, कॉइल जळाली, लाईट गेली, यातलं काहीही झालं तरी यंत्र थांबलंच पाहिजे. कंट्रोल सर्किट तपासताना मी आधी हेच बघतो की ही वायर आत्ता कापली तर यंत्र थांबेल की चालत राहील.

बटणं फेजच्या बाजूला हवीत की न्यूट्रलच्या, हाही त्याच विचाराचा भाग आहे. समजा कुणी फेज थेट ए१ ला दिला आणि बटणं ए२ व न्यूट्रलच्या मध्ये टाकली. रोजच्या वापरात फरक कळणार नाही. पण पावसाळ्यात ए२ पासून बटणाकडे जाणाऱ्या वायरचं इन्सुलेशन सोललं आणि ती लोखंडी पेटीला टेकली, तर कॉइलला अर्थमधून परतीची वाट मिळते. कॉन्टॅक्टर कुणी बटण न दाबता ओढला जातो, आणि लाल दाबून सुटत नाही. बटणं फेजच्या बाजूला असती तर तीच वायर पेटीला टेकल्यावर अर्थिंग चांगलं असेल तर फ्यूज उडाला असता. ते कच्चं असेल तरी निदान लाल बटण काम करत राहिलं असतं.

दोन फेजांवरच्या ४१५ व्होल्ट कॉइलमध्ये ही अडचण पूर्ण टळत नाही, कारण तिथे दोन्ही बाजू जिवंत. बटणानंतरची वायर अर्थला लागली आणि तुम्ही लाल दाबलंत, तर कॉइलला उरलेल्या फेजपासून अर्थपर्यंत साधारण २४० व्होल्ट मिळत राहतात, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या व्होल्टेजच्या ५८ टक्के. एसी कॉन्टॅक्टर पूर्ण सुटण्याची मर्यादा मानकांत ७५ ते २० टक्क्यांच्या मधली आहे. म्हणजे ५८ टक्क्यांवर तो सुटेलच याची खात्री नाही. स्टार्टरची कॉइल कमी-जास्त व्होल्टेजवर चालणारी असेल तर ती न सुटण्याचीच शक्यता जास्त. म्हणून अशा स्टार्टरमध्ये कंट्रोलच्या दोन्ही फेजांना फ्यूज हवेत, आणि बटणाची केबल पेटीच्या धारेवर घासत असेल तर ती आजच बदला.

आता तिसरा प्रश्न. हिरव्या बटणाला जंपर मारला म्हणजे तुम्ही काय केलंत? होल्डिंगची गरजच संपवलीत. लाईट गेली की कॉइल सुटते, आली की लगेच ओढली जाते. कारखान्यात एखाद्या लेथची लाईट गेली आणि परत आली तर लेथ आपोआप सुरू होत नाही, कारण तेवढ्यात कामगाराने चकमध्ये हात घातलेला असू शकतो. होल्डिंगमध्ये हे संरक्षण फुकट मिळतं. तुमच्या नदीवर फूटव्हॉल्व्हमध्ये (सक्शन पाइपच्या तळाची झडप) अडकलेलं गवत काढायला कुणी उतरला असेल, पंपाजवळ कुणी बसला असेल, आणि लाईट आली. वडील असतील, भाऊ असेल. जंपर काढायला मला एवढं एकच कारण पुरतं.

बाकी नुकसानही कमी नाही. मोनोब्लॉक पंप सक्शनवर चालतो. फूटव्हॉल्व्ह थोडा गळत असेल तर रात्री लाईट गेल्यावर सक्शन पाइप रिकामा होतो. दोन तासांनी लाईट येते, मोटर आपोआप सुरू होते आणि पंप कोरडा फिरतो. तुम्हाला वाटेल ओव्हरलोड ट्रिप करेल. करणार नाही. कोरड्या पंपावर लोडच नसतं, म्हणून करंट नेहमीपेक्षा कमी असतो, आणि ओव्हरलोडला फक्त जास्तीचा करंट कळतो. सील जळेपर्यंत पंप फिरत राहतो आणि सकाळी दारं धरायला गेल्यावर समजतं. उलट दिशेचंही बघा. बऱ्याच ओव्हरलोड रिलेंवर हँड आणि ऑटो रीसेटची छोटी निवड असते. ती ऑटोवर असेल आणि वर जंपर असेल, तर पंप जाम झाल्यावर मोटर ट्रिप होते, ओव्हरलोडमधली तापलेली पट्टी थंड होते, मोटर पुन्हा सुरू होते, पुन्हा ट्रिप. रात्रभर हाच खेळ. वाइंडिंग जळूनच तो थांबतो.

आणि हा फक्त तुमच्या मोटरचा प्रश्न राहत नाही. ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, धरा. तिचा पूर्ण लोडचा करंट साधारण ८४ अँपिअर. त्यावर १० एचपीच्या पाच मोटरी असतील तर चालताना ७० अँपिअर, डीपीला झेपतात. पाचही मोटरींना जंपर असेल तर लाईट येताक्षणी पाचही एकदम उठतात आणि डीओएलवर सहा पट, म्हणजे ४२० अँपिअर मागतात. व्होल्टेज कोसळतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं की जोर निम्माच उरतो. मोटरी वेग घेऊ शकत नाहीत, तसाच प्रचंड करंट ओढत राहतात. इकडे कॉन्टॅक्टर फडफडू लागतात: ओढले, व्होल्टेज पडलं, सुटले, व्होल्टेज चढलं, परत ओढले. प्रत्येक फडफडीत कॉन्टॅक्ट भाजतात, कधी एकमेकांना चिकटतात. कॉन्टॅक्ट असा वेल्ड झाला की लाल बटणाने कॉइल सुटते, पण मोटर चालूच. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगत आलंय, त्यामागे हे कारण आहे. भर उन्हाळ्यात डीपी जळून ऊस वाळत पडला की दोष आपण फक्त महावितरणला देतो. त्या डीपीवर जंपर किती होते, हे कुणी मोजत नाही.

रात्रीच्या लाईटीला उठून नदीवर जाणं किती जिवावरचं असतं, हे मला ठाऊक आहे. अंधार, साप, चिखल. म्हणून ऑटो नकोच, असं मी म्हणणार नाही. ते नीट करा. जंपरऐवजी हिरव्या बटणाला समांतर एका ऑन-डिले टायमरचा कॉन्टॅक्ट घ्या, आणि त्याआधी मॅन्युअल-ऑटो निवडीचा स्विच. लाईट आल्यावर टायमर ठरलेला वेळ मोजतो, मगच कॉइलला वाट देतो. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळा वाटून घ्यायच्या: तुझा एक मिनिट, माझा दोन, त्याचा तीन. लाल बटणाच्या साखळीत, म्हणजे सिरीजमध्ये, आणखी दोन कॉन्टॅक्ट हवेत. एक सिंगल फेज प्रिव्हेंटरचा (एखादा फेज गेला तर मोटर थांबवणारा), दुसरा ड्राय-रन रिलेचा. ड्राय-रन रिले कमी करंट ओळखतो आणि कोरडा पंप थांबवतो. तो ट्रिप झाल्यावर हाताने रीसेट करावा लागेल, अशीच सेटिंग ठेवा. ओव्हरलोडची निवडही हँडवर. हे सगळं एकाच पेटीत देणारे तयार ऑटो स्टार्टर मिळतात. घेताना फक्त विचारा की लाईट आल्यावरचा वेळ बदलता येतो का. आणि नदीत किंवा विहिरीत उतरायचं असेल तेव्हा निवडीच्या स्विचवर विसंबू नका. मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढायचे आणि खिशात घालून उतरायचं.

सिंगल फेज प्रिव्हेंटरचं नाव निघालं म्हणून सांगतो. पुष्कळांना वाटतं की फेज गेला तर कॉन्टॅक्टर आपोआप पडेल. कॉइल आर आणि वाय या फेजांवर असेल आणि बी गेला, तर कॉइलला काही कळतच नाही. मोटर दोन फेजांवर घुरघुरत राहते, उरलेल्या दोन तारांतला करंट चढतो. ओव्हरलोड ट्रिप करेल, पण त्याच्या पट्ट्या तापायला वेळ लागतो, आणि तोही सेटिंग बरोबर असेल तर. १० एचपी, म्हणजे ७.५ किलोवॉटच्या मोटरवर नेमप्लेटचा करंट साधारण १४-१५ अँपिअर असतो. सेटिंग त्याच आकड्यावर हवं. सारखा ट्रिप होतो म्हणून २० वर फिरवून ठेवलेला ओव्हरलोड असून नसून सारखा. मानकाप्रमाणे ओव्हरलोड १.०५ पट करंटला दोन तासांत ट्रिप होता कामा नये आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत व्हायलाच हवा. इतकं बारीक यंत्र आहे ते. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर उठवून मग डेल्टात नेणारा) असेल तर ओव्हरलोड बहुधा वाइंडिंगच्या वाटेत असतो. तिथे सेटिंग नेमप्लेटच्या ०.५८ पट, म्हणजे १४.५ अँपिअरच्या मोटरला ८.४ च्या आसपास. स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टरचे एनसी एकमेकांच्या कॉइलच्या वाटेत टाकलेले असतात, कारण दोन्ही एकदम ओढले गेले तर तिन्ही फेज शॉर्ट होतात. ते इंटरलॉक कुणी 'अडचण होते' म्हणून काढलेले दिसले तर पेटी चालू करू नका.

कॉन्टॅक्टर गुणगुणतो, ही तक्रार घरोघरी असते. एसी चुंबकाची ओढ सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. पट्टी तेवढ्यात सुटू नये म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याची छोटी कडी बसवलेली असते. ती उशिराने चुंबकत्व धरून ठेवते. मोठा आवाज येत असेल तर मेन पाडून कॉन्टॅक्टर उघडा. गाभ्याच्या दोन्ही तोंडांवर धूळ, गंज आहे का, आणि ती कडी तुटली आहे का, ते बघा. तोंडं कोरड्या कापडाने पुसा, पॉलिश पेपर मारू नका. आवाजाकडे दुर्लक्ष केलंत तर पुढे कॉइल जळते. पट्टी पूर्ण बसेपर्यंत एसी कॉइल कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि पूर्ण बसल्यावरच तो कमी होतो. अर्धवट बसलेल्या कॉन्टॅक्टरची कॉइल त्या जास्तीच्या करंटवर भाजत असते. कमी व्होल्टेजनेही हेच घडतं. कॉइलच्या लिहिलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत तरी कॉन्टॅक्टरने खात्रीने ओढायला हवं. ४१५ च्या कॉइलला हे सुमारे ३५३ व्होल्ट होतात. उन्हाळ्यात शेवटच्या पंपाला त्याच्याही खाली मिळतात, मग दोष कॉन्टॅक्टरचा नसतो.

घरातून नदीवरची मोटर बंद-चालू करायची म्हणून काही जण बटणाची केबल लांब नेतात. अर्ध्या-एक किलोमीटरच्या केबलवर २३० व्होल्ट एसी आणि टोकाला छोटा रिले असेल, तर एक विचित्र दोष येतो: बटण सोडलं तरी रिले सुटत नाही. केबलच्या दोन तारा शेजारी शेजारी असल्याने त्यांच्यात कपॅसिटन्स तयार होतो. किलोमीटरला ०.२-०.३ मायक्रोफॅरड धरलं तर २३० व्होल्टला १५-२० मिलिअँपिअर करंट उघड्या बटणाला वळसा घालून वाहतो. छोट्या रिलेला धरून ठेवायला तेवढा भरपूर झाला. अशा ठिकाणी २४ व्होल्ट डीसी वापरा. २४ व्होल्ट डीसीच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ६५० ओहमची असते, करंट ३७ मिलिअँपिअर. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत किलोमीटरवर एक व्होल्टही पडत नाही. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्यालाही धोका नाही. फक्त त्या कॉइलला समांतर एक डायोड लावायला विसरू नका, १एन४००७ चालतो. कॉइल सुटताना उलट व्होल्टेजचा झटका मारते, तो डायोड गिळतो. पट्टी असलेलं टोक पॉझिटिव्हकडे. उलटा लावलात तर थेट शॉर्ट.

आधी मी म्हटलं की कॉइल सुटली की यंत्र थांबलं पाहिजे. ताकारी, म्हैसाळ, टेंभूसारख्या उपसा योजनांच्या मोठ्या पंपांकडे किंवा सबस्टेशनमध्ये काम लागलं तर तिथे तुम्हाला याच्या उलट दिसेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिथले हाय टेन्शन ब्रेकर साधारणपणे ट्रिप कॉइलला व्होल्टेज दिल्यावर उघडतात. लाईनचं व्होल्टेज जरा खाली गेलं म्हणून पूर्ण सबस्टेशन बंद पडू नये, हा त्यामागचा विचार. त्याची किंमत म्हणून बॅटरी बँक, बहुधा ११० व्होल्ट डीसीची, कायम भरलेली ठेवावी लागते, आणि ट्रिप कॉइलची वायर शाबूत आहे का यावर नजर ठेवायला वेगळा सुपरव्हिजन रिले लागतो. म्हणजे तुटलेल्या वायरची काळजी तिथेही घेतलीच आहे, फक्त रीत वेगळी.

दोष शोधताना अंदाजाने वायरी ओढू नका. २३० च्या कंट्रोलमध्ये मीटरचं एक टोक ए२ ला पक्कं धरा. दुसरं टोक वाटेवर एकेक पाऊल पुढे न्या: एमसीबीच्या खाली, ९५, ९६, लाल बटणानंतर, मग कुणाला हिरवं दाबायला सांगून ए१. व्होल्टेज जिथे हरवतं, दोष त्याच्या लगेच मागे. ९५ ला आहे आणि ९६ ला नाही म्हणजे ओव्हरलोड ट्रिप आहे. रीसेट दाबण्याआधी पंप हाताने फिरतो का ते मेन पाडून बघा, आणि चालू केल्यावर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजांचा करंट मोजा. ए१ ला पूर्ण व्होल्टेज आहे, तरी कॉन्टॅक्टर ओढत नाही, तर कॉइल किंवा अडकलेला गाभा. डिजिटल मीटर तुटलेल्या वायरवरही कधी ६०-७० व्होल्ट दाखवतं, ते शेजारच्या वायरमधून आलेलं फसवं व्होल्टेज असतं. शंका आली तर दोन वायरींत टेस्ट लॅम्प लावा. खरं असेल तर पेटेल.

नदीकाठचे आहात, म्हणून पुराचंही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठच्या असंख्य पेट्या दिवसेंदिवस गाळात बुडाल्या होत्या. बुडालेला स्टार्टर उन्हात वाळवून चालू करणं हा मोटर घालवायचा हुकमी मार्ग. ओव्हरलोड, एमसीबी, टायमर, प्रिव्हेंटर ही संरक्षणाची उपकरणं बुडाली की बदलायचीच. गाळ आत कुठे बसलाय ते बाहेरून दिसत नाही. कॉन्टॅक्टरही बदलणं बरं. पेटी आणि बसबार स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मोटर रिवाइंडरकडे नेऊन ओव्हनमध्ये वाळवून घ्या, आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) निदान एक मेगाओहम दाखवल्याशिवाय तिला लाईट देऊ नका.

आता घरच्या पेटीला हात लावण्याआधी एक जुना कॉन्टॅक्टर, दोन बटणं आणि मोटरच्या जागी तीन बल्ब घेऊन टेबलावर हेच सर्किट बांधा. आधी जंपर मारून चालवा, मेन पाडून परत टाका, बल्ब आपोआप लागतात ते बघा. मग १३-१४ जोडून तेच करा. शेवटी मेन पाडून लाल बटणाची वायर काढून ठेवा, मेन टाका आणि हिरवं दाबा.